अलीकडे घर, पलीकडे नोकरी

"आजी, थांब! कुठे निघालीस? बरोबर काय आणलंयस?"

स्वयंपाकघराच्या दारात फूटपट्टी आडवी धरून माझी सात वर्षांची नात उभी होती. माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मी म्हटलं, "बाई, मी कासुर्डीहून आले. लाडू आणलेत."

"किती आहेत?"

"अकरा."

"एक जप्त!" असं म्हणून तिनं डब्यात हात घातला आणि फूटपट्टी वर केली. "आता जा."

पोरींनी भातुकली खेळावी, बाहुलीचं लग्न लावावं, हे आपल्याला माहीत. पण आमच्या छकुलीचा आवडता खेळ 'बॉर्डर-बॉर्डर'. दुसरं काय खेळणार ती? तिची आई, म्हणजे माझी लेक, कामावर जाते ती परदेशात. तेसुद्धा वर्षा-दोन वर्षांसाठी नाही. सकाळी जाते, रात्री परत येते!

मैत्रिणींनो, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच आ वासून राहिले होते. त्याचं असं आहे, कॅनडात विंडसर नावाचं शहर आहे. समोर नदी, आणि नदीच्या पल्याड अमेरिकेतलं डेट्रॉईट, मोटारींच्या कारखान्यांमुळे नावाजलेलं. मध्ये पाणी जेमतेम अर्धा मैल. या काठावर बाकावर बसावं तर त्या काठावरच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतले दिवे मोजता येतात. गंमत अशी की कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेला, असं आपण शाळेत घोकलेलं. पण इथे मात्र कॅनडातून उत्तरेकडे तोंड करावं तेव्हा अमेरिका दिसते. नदीच तशी वळलेली. घड्याळ दोन्हीकडे एकच. चलन मात्र वेगळं, कायदा वेगळा, आणि काठावरून काठावर जायचं म्हणजे पासपोर्ट दाखवून.

नदी ओलांडायला दोन जुने रस्ते. एक 'अॅम्बेसेडर ब्रिज' नावाचा झुलता पूल, १९२९ सालचा. दुसरा नदीच्या तळाखालून गेलेला बोगदा, १९३० सालचा, लांबी साधारण एक मैल. माझी लेक बोगद्यातून जाते. डोक्यावर नदी, नदीत मालाची अजस्र जहाजं, आणि खालून आपली लेक गाडी हाकतेय! पहिले चार दिवस ती निघाली की मी देवापाशी दिवा लावून बसत असे.

आता थोडं माझ्याविषयी. मी दौंड तालुक्यातल्या कासुर्डीची सून. पुणे-सोलापूर हमरस्त्यावर उरुळी कांचन सोडलं की हवेली तालुका संपतो, दौंड तालुका लागतो, आणि यवतच्या अलीकडे आमचं गाव. पुण्याच्या लोकांना कासुर्डी माहीत झाली ती गावाच्या नावाच्या टोलनाक्यामुळे. तो नाका होता तेव्हा पाहुणे आल्या-आल्या पहिला शब्द काढायचे तो टोलचाच. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, ऊस, गुऱ्हाळं, असा आमचा भाग. १९८१ साली लग्न होऊन आले तेव्हा मी पुण्यात एका कचेरीत टंकलेखिका होते. नोकरी सोडायची नाही, हे लग्नाआधी बोलून घेतलं होतं. सासरेबुवा 'हो' म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून सहा वर्षं मी रोज पुण्याला जात-येत होते. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, दोन डबे भरायचे. आमचे 'हे' सायकलच्या कॅरिअरवर बसवून यवत स्टेशनला सोडायचे. तिथून दौंड-पुणे शटल. बायकांच्या डब्यात आमचं मंडळच होतं. कुणी भाजी निवडतेय, कुणी बाळाचं स्वेटर विणतेय, कुणी नुसतीच खिडकीला डोकं टेकून झोपतेय. हडपसर आलं की सगळ्यांचे चेहरे बदलायचे. घरची बाई संपायची, कामावरची सुरू व्हायची. परत येताना उलट. पुण्याच्या वेशीवर तेव्हा जकात नाका होता, २०१३ साली जकात गेली. मालाच्या गाड्या तिथे अडकून पडत. बायकांच्या डोक्यावरच्या जकातीला मात्र नाका नव्हता. ती ज्याच्या त्याच्या घरी वसूल होत असे!

असो. लेकीकडे मी गेले ती २०२४ च्या मे महिन्यात. कॅनडाचा 'सुपर व्हिसा' म्हणून एक प्रकार आहे, मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी. त्याला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. तो काढला, गोळ्या-औषधांची यादी डॉक्टरांकडून लिहून घेतली, मसाले आणि मेतकूट बांधलं, आणि निघाले. हे शेतीमुळे येऊ शकले नाहीत.

माझी लेक नर्स आहे. अगदी नवजात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या अतिदक्षता विभागात तिची ड्यूटी असते. पुण्यात शिकली, लग्नानंतर २०१० साली नवऱ्याबरोबर कॅनडात गेली, तिथली परीक्षा पुन्हा दिली. विंडसरला तेव्हा तिला पूर्ण वेळ नोकरी मिळेना. आठवड्यातून एखादा दिवस बोलवायचे. पलीकडे मात्र डेट्रॉईटला नर्सांची गरज होती. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात १९९४ पासून जो व्यापारी करार झाला, त्यात कॅनडाच्या नागरिकांना ठराविक व्यवसायांसाठी अमेरिकेत काम करता येतं. नर्स त्यात आहेत, इंजिनिअर आहेत. २०२० साली करार बदलला, पण ही सोय राहिली. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा, मग पुन्हा नवा करायचा. तेव्हा लेकीनं आधी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, आणि मग रोज नदी ओलांडायला लागली. तिच्यासारख्या हजाराहून जास्त नर्सा आणि दवाखान्यातली माणसं विंडसरहून तिकडे जातात. आपल्या पुण्या-पिंपरीकडचे इंजिनिअरसुद्धा तिथे भेटले. राहायला इकडे, मोटारींच्या कंपनीत तिकडे.

असं फक्त तिथेच आहे असं नाही बरं का. मलेशियातल्या जोहोरमधून लाखो माणसं रोज सिंगापूरला कामाला जातात. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात एक लाखाहून जास्त लोक फ्रान्समधून येतात. आणि लांब कशाला जायचं? आपल्या बांदा-दोडामार्गची मुलं रोज दुचाकीवरून गोव्यात नोकरीला जातातच की. १९६१ पर्यंत ती हद्द पोर्तुगिजांची होती. आज नुसती पाटी आहे. चंदगडची माणसं बेळगावला जातात. घर जिथे परवडतं आणि काम जिथे मिळतं, या दोन जागा एक असतीलच असं नाही. त्यांच्या मधलं अंतर कुणाला तरी रोज चालावं लागतं.

लेकीच्या ड्यूट्या बारा तासांच्या, आठवड्यातून तीन. सकाळी सातला हजर व्हायचं म्हणून साडेपाचला घर सोडायचं. तिच्याकडे नेहमी जाणाऱ्यांचं एक कार्ड आहे, त्याची रांग वेगळी असते. तरीही नाक्यावर कधी दहा मिनिटं, कधी तास. तिथे रोज तेच प्रश्न. कुठे निघालात? काय काम? बरोबर काय आहे? पहिल्याच दिवशी मी तिच्या डब्यात कांदेपोहे भरले आणि वर लिंबाची फोड ठेवली. तिनं डबा उघडून फोड काढून ठेवली.

"आई, लिंबू नको. लिंबू-संत्री तिकडे नेता येत नाहीत."

"अगं, एक फोड!"

"एक फोड असली तरी सांगावी लागते. खोटं बोलले तर कार्ड जाईल."

तेव्हापासून पोहे झाले की लिंबू घरीच त्यांत पिळायचं, असा नियम झाला. मैत्रिणींनो, गरम पोह्यांवर लिंबू पिळलं तर कडसर होतं. पोहे जरा निवले की पिळावं. पाच तासांनीसुद्धा चव टिकते. हे मी सरहद्दीमुळे शिकले!

पगार अमेरिकन डॉलरमध्ये. २०२४ साली एका अमेरिकन डॉलरचे साधारण एक डॉलर पस्तीस-सदतीस सेंट कॅनेडियन मिळत. ऐकायला छान वाटतं. पण कर भरायचे ते अमेरिकेच्या सरकारला, मिशिगन राज्याला, वर डेट्रॉईट शहराला. बाहेरून येणाऱ्यांनासुद्धा तिथे शहराचा कर शेकडा सव्वाच्या आसपास आहे. मग कॅनडातही हिशेब द्यायचा. तिकडे भरलेलं इकडे वजा मिळतं, तरी दोन देशांचे कागद दरवर्षी टेबलावर पसरलेले असतात. जावई हिशेब करतात, लेक कपाळाला हात लावते.

जावई आमचे सांगलीकडचे. मोटारींच्या सुट्या भागांचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, विंडसरातच. माणूस शांत, बायकोवर जीव असलेला. मी पोचल्यावर आठवड्याभरानं, लेक ड्यूटीवर असताना, चहा घेताना ते हळूच म्हणाले, "आई, तुम्ही आलात ते बरं झालं. तुमचं ती ऐकेल. तिला सांगा, आता इकडेच कुठे तरी बघ. पगार कमी मिळू दे. रोजची ही धावपळ पुरे झाली."

मग त्यांनी मागचं सांगितलं. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे दोन्ही देशांनी सरहद्द बंद केली. मालाच्या गाड्या आणि आवश्यक काम असलेली माणसं तेवढी जात होती, आणि त्यात ही. छकुली तीन वर्षांची. ही तिकडून आली की मागच्या दारानं तळघरात जायची, आंघोळ करायची, आणि काही आठवडे तर तिथेच झोपायची. पोर दाराशी बसून रडायची. शेजारीपाजारी आधी टाळ्या वाजवत होते, मग लांबून जायला लागले. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत लशीच्या सक्तीविरुद्ध लोकांनी पुलाचा रस्ता अडवला, आठवडाभर पूल बंद. सगळी गर्दी बोगद्यावर आली. एका रात्री ही घरी पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"मी एकटाच होतो त्या रात्री," जावई म्हणाले. "पोरीला काय सांगू कळेना."

मी मान हलवली. "बोलते," म्हटलं. कारण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. लेकराच्या आईनं लेकराजवळ असावं. मी नाही का सोडली होती नोकरी?

पण बोलायचं राहून जात होतं. ती दमून येई, गरम पाण्यात पाय सोडून बसे, आणि आज आठशे ग्रॅमचं एक बाळ पहिल्यांदा स्वतः श्वास घ्यायला लागलं, असं सांगताना तिचा चेहरा असा फुले, की माझा शब्द ओठांतच राही. जूनमध्ये एक दिवस आम्ही सगळे नदीवर फिरायला गेलो. तिथे तिसरा, नवा पूल बांधत होते. गॉर्डी हाऊ या हॉकीपटूच्या नावाचा. तो जन्मला कॅनडात आणि पंचवीस हंगाम खेळला डेट्रॉईटकडून. "म्हणजे तोपण माझ्या आईसारखाच," छकुली म्हणाली. दोन्ही काठांवरून निघालेले पुलाचे दोन हात त्याच महिन्यात मधोमध येऊन भिडले होते. लोक दुर्बिणी लावून बघत होते. जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे.

आणि मग ऑगस्टमधला तो गुरुवार आला.

लेक ड्यूटीवर. जावयांची दुसरी पाळी, दुपारी निघून गेलेले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास छकुली अंगणासमोर सायकल चालवत होती. मी पायरीवर बसून भाजी निवडत होते. धाडकन आवाज झाला. बघते तर पोर खाली आणि डावा हात मनगटाशी वाकडा. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

मी लेकीला फोन लावला. लागेना. त्या विभागात फोन जवळ ठेवत नाहीत. जावयांना लावला. यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? समोर रस्त्याच्या टोकाला नदी, नदीपलीकडे डेट्रॉईट, आणि त्यातल्या कुठल्या तरी इमारतीत माझी लेक दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाला सांभाळत होती. अर्धा मैल! आमच्या घरापासून कालव्यापर्यंत जाण्याएवढं अंतर. पण माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. मी धावत सुटले असते तरी नाक्यावरून परतच यावं लागलं असतं. मैत्रिणींनो, हद्द म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं.

शेजारी एक लेबनीज कुटुंब राहतं. त्यांची आजी माझ्याच वयाची. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. इंग्रजी दोघींचंही तोडकंमोडकं. पण किंकाळी ऐकून ती ओट्यावरचं सोडून धावत आली. तिनं मासिकाची जाड घडी करून पोरीच्या हाताखाली लावली, आपल्या डोक्यावरच्या रुमालानं बांधली, आणि मुलाला हाक मारून गाडी काढायला लावली. आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे हाडाचा फोटो काढला, वेदनेचं औषध दिलं. पण पुढचं करायला आई-वडिलांपैकी कुणाची तरी संमती हवी. "तुम्ही कोण?" "आजी." "काही कागद आहे?" कागद कुठला असणार? मी छकुलीचा उजवा हात धरून बसले आणि एकेक गोष्ट सांगत राहिले, भुलेश्वराच्या डोंगराची, आमच्या बैलांची, विहिरीची. दीड तासानं जावयांचा फोन लागला. मग पुढची चक्रं हलली.

लेक आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. साडेसातला ड्यूटी संपल्यावर तिनं फोन बघितला. धावत गाडीपाशी, तर बोगद्याच्या तोंडाशी ही रांग. अंगावर कामाचाच पोशाख, डोळे लाल. छकुलीच्या हाताला तोवर प्लास्टर झालं होतं. आईला बघून ती रडली नाही. म्हणाली, "आई, तुझी रांग मोठी होती का गं?"

लेक भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

त्या रात्री छकुली झोपल्यावर जावई मला म्हणाले, "आता तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. सांगा तिला." आणि ते झोपायला गेले. आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात राहिलो. मी आमटी गरम केली. तिला घास जाईना.

आता मी बोलणार होते. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. मी तिला १९८७ सालची गोष्ट सांगितली.

पावसाळ्याचे दिवस. ती तीन वर्षांची. सकाळी अंग जरा कोमट होतं, तरी मी गेले. संध्याकाळची शटल वाटेत अडकली, दोन तास जागची हलली नाही. बायकांच्या डब्यात अंधार. तेव्हा कासुर्डीत आमच्याकडे फोन नव्हता, आणि असता तरी गाडीतून कसा करणार? यवतला उतरले, चिखलातून चालत घरी पोचले तेव्हा दहा वाजले होते. घराला कडी. तापात लेकीला झटका आला, म्हणून सासूबाई तिला बैलगाडीत घालून यवतच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. ज्या वाटेनं मी आले त्याच वाटेनं अंधारात बैलगाडी माझ्या शेजारून गेली होती, आणि मला कळलं नव्हतं. आत माझीच पोर होती.

मध्यरात्री ती सगळी परतली. पोर शांत झोपलेली. सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. 'हे'ही बोलले नाहीत. ते न बोलणंच मला पुरे झालं. दुसऱ्या दिवशी जाऊन राजीनामा दिला. सातशे चाळीस रुपये पगार होता. टंकलेखन यंत्रावर प्लास्टिकचं झाकण घातलं आणि परत आले. त्यानंतर मी कधी त्याविषयी कुणाशी बोलले नाही. दुपारी भांडी घासताना मात्र कित्येक वर्षं माझी बोटं आपोआप चालत, कळपट्टीवर चालावीत तशी.

लेक ऐकत होती. मग म्हणाली, "आई, हे मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण माझ्यामुळे तुझी नोकरी गेली, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू मला नर्सिंगला घातलंस, हट्टानं घातलंस, तेव्हाही ठाऊक होतं. मी परीक्षेला बसले की वाटायचं, दोघींची परीक्षा मी एकटी देतेय." थोडं थांबून ती म्हणाली, "उद्या मी नोकरी सोडली तर छकुलीला हात मोडल्याचं लक्षात राहणार नाही. आपल्यामुळे आईनं नोकरी सोडली, हे राहील. ते ओझं मला तिच्या डोक्यावर नाही ठेवायचं."

काय सांगू तुम्हाला! सदतीस वर्षं मी समजत होते की मी लेकीसाठी काही तरी सोडलं. त्याचं वजन तिच्याच खांद्यावर होतं, हे मला त्या रात्री परक्या देशात कळलं. आम्ही दोघीही रडलो. मग गार झालेली आमटी पुन्हा गरम केली आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी जावयांना म्हटलं, "तुम्ही मला एक काम सांगितलं होतं. ते माझ्याच्यानं होणार नाही."

ते गप्प राहिले. मी म्हटलं, "रागावू नका. माझ्या वेळी कुणी मला 'सोड' म्हणालं नाही, कुणी 'सोडू नको'ही म्हणालं नाही. 'मी तीन दिवस घरी असतो, तू जा' असं म्हणणारं तर घरात कुणीच नव्हतं. शेतकरी माणसाला ते सुचायचंही नाही. पण तुम्ही शिकलेले आहात. बाळ दोघांचं, मग रांगेत एकटीच का?"

त्यांना लागलं. दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं. मला वाटलं, झालं, सासू म्हणून जेवढं नाव कमावलं होतं ते गेलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद घेतला आणि दोघांचे आठवडे मांडले. लेकीनं ड्यूटीचे दिवस ठराविक मागून घ्यायचे, त्या दिवशी यांनी पहिली पाळी घ्यायची. कारखान्यानं लगेच 'हो' म्हटलं नाही. ऑक्टोबरपासून तीनपैकी दोन दिवसांचं जमलं. तिसऱ्या दिवशी छकुली शाळेतून लेबनीज आजीकडे जाते. त्या आजीला मी पुरणपोळी शिकवली, तिनं मला तीळ घातलेली त्यांची रोटी.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. रांग आहेच. परवान्याची मुदत संपली की पुन्हा धाकधूक. दोन देशांचं जमतं तोवर ठीक. उद्या कुणाचं काय बिनसेल ते कोण सांगणार! कदाचित लेक एक दिवस म्हणेल, पुरे आता. म्हणू दे. पण ते तिनं म्हणावं, दुसऱ्या कुणाच्या गप्प बसण्यानं नव्हे.

ज्या मैत्रिणी नातवंडं सांभाळायला परदेशी जाणार असतील, त्यांना माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. पोचल्या-पोचल्या लेकी-जावयाकडून एक पत्र सही करून घ्या, की आमच्या गैरहजेरीत ही आजी मुलाच्या उपचाराला संमती देऊ शकते. दवाखान्यात ते उपयोगी पडतं. मुलाचं आरोग्य कार्ड कुठे ठेवलंय ते बघून ठेवा. दोघांच्या कामाच्या ठिकाणचे टेबलावरचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे लावा. खिशातला फोन नेमका तेव्हाच लागत नाही. तिथे मदतीचा आकडा नऊ-एक-एक आहे, तो आणि घराचा पत्ता इंग्रजीत म्हणायची सवय करा. आणि शेजारणीशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. भाषा नसली तरी लाडू चालतो.

नोव्हेंबरात मी परत आले. निघताना विमानतळावर छकुलीनं प्लास्टर निघालेला डावा हात आडवा धरून मला अडवलं.

"कुठे निघालीस?"

"कासुर्डीला."

"काय नेतेयस?"

मला उत्तर सुचेना. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ठीक आहे, जा."

आता इथे मी पहाटे उठते. उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेसात होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच. थंडीत घड्याळ एक तास मागे नेतात, मग सहा. लेकीची ड्यूटी त्या वेळी सुटते. मी चूल पेटवते, चहा ठेवते, आणि फोन ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवते. शेजारून यवतकडची गाडी धडधडत जाते, तीत कुणाकुणाच्या लेकीसुना पुण्याला निघालेल्या असतात. अर्ध्या-पाऊण तासानं फोनवर एकच शब्द येतो.

"पोचले."

मग मी चहा गाळते.